बाबांचा कोमट समुद्र

किनाऱ्यावर रोज सकाळी मुंगीला शिरायला जागा नसे. अणुवीज केंद्राचा कालवा समुद्राला मिळतो, तिथे एक चमत्कारी बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहत. बाकी समुद्र थंडगार, पण बाबांच्या पायाशी पाणी कोमट. "मी नुसती नजर टाकली की समुद्राला घाम फुटतो," असं ते सांगत आणि लोक टॉवेल घेऊन रांग लावत.

रांगेत माझी आईही असे. गुडघे शेकून निघतात म्हणून ती खूश होती. त्याला माझी ना नव्हती. पण बाबांनी तिला रक्तदाबाच्या गोळ्या सोडायला लावल्या आणि माझी झोप उडाली.

"अगं, ते पाणी आमचं आहे," मी म्हटलं. मी केंद्राच्या नियंत्रण कक्षात काम करते. "वाफ थंड करायला समुद्राचं पाणी घेतो, ते कोमट होऊन परत जातं."

"तुला जिकडेतिकडे तुझं केंद्रच दिसतं," आई म्हणाली.

मग मी वाद सोडला. इंधन बदलण्यासाठी केंद्र लवकरच बंद राहणार होतं. फाटकावर तसा फलकही होता, पण बाबा फलक वाचण्याच्या पलीकडे गेलेले. त्यांनी नेमकं त्याच आठवड्यात महास्नान जाहीर केलं. मीही आईबरोबर गेले.

बाबा रुबाबात पाण्यात उतरले. मंत्र सुरू झाला आणि लगेच अडखळला, कारण दातांवर दात आपटत होते. मागून उतरलेली आई कुडकुडली.

"बाबा, आज समुद्राला घाम नाही फुटला?"

"भ-भक्तांची श्रद्धा क-कमी पडली."

"माझ्या श्रद्धेत काय कमी? मी तर गोळ्यासुद्धा सोडल्या." आई माझ्याकडे वळली. "तुमचं केंद्र बंद आहे का गं?"

"हो. परवापासून."

गर्दीत हशा पिकला. मी सगळं समजावलं: अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ होते, वाफ चक्रं फिरवते, त्यातून वीज मिळते. उरलेली उष्णता समुद्राचं पाणी वेगळ्या नळ्यांतून, भट्टीला न शिवता, वाहून नेतं.

"मग आज आमच्या घरी दिवे कसे?" एका मासळीवालीने विचारलं.

"केंद्र कधी बंद असेल ते आम्ही आधी कळवतो, मग दुसरी वीजकेंद्रं भार उचलतात."

आईने बाबांना आपला टॉवेल दिला. "अंग पुसा. ताप आला तर डॉक्टरांकडे जा."

घरी येऊन तिने आधी गोळी घेतली. तुम्हीही चमत्कार पाहिलात तर हात जोडण्याआधी विचारा, हा कधी घडत नाही? आई हल्ली घरीच पाणी तापवून गुडघे शेकते. तेवढाच आराम पडतो, आणि गोळीही सुरू राहते.