गाणं लागलं की उघडणारं तोंड

मी गार्गीचा चमचा बोलतोय. स्टीलचा, लहानसा, दांड्यावर हत्ती काढलेला. आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहतो. बाहेरच्यांना लेकराचं तोंड दिसतं, आत काय चालतं ते मला कळतं. म्हणून सांगतो.

गार्गीच्या आजीने, पुष्पलताबाईंनी, मला तिच्या उष्टावणासाठी नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलं. पहिल्या दिवशी खीर घेऊन आत गेलो. जीभ आधी दचकली, मग तिने मला चाटूनपुसून घेतलं. पुढे तर मी दुरून दिसलो तरी आत पाणी सुटलेलं असायचं. वाटायचं, सगळे माझीच वाट पाहतात.

दीड वर्षाची झाली अन् ती घास थुंकू लागली. तिची आई भूमिका रडकुंडीला यायची. एका दुपारी तिने मोबाइलवर बदकाचं गाणं लावलं. गार्गीचे डोळे तिकडे गेले, तोंड उघडलं, वाटी संपली.

"पाहा आई, कशी गुपचूप जेवून राहिली!"

"तुह्या नवऱ्याले का मी टॉकीजमध्ये बसवून वाढवलं वं?" आजी म्हणाली.

त्यानंतर मी रोज आत जायचो, पण मला कोणी पाहायचं नाही. पाणी सुटायचं ते गाण्याला. जीभ नुसती पडून राहायची, झोपलेल्या माणसाच्या हातासारखी. गरम काय, गोड काय, तिला काहीच कळत नव्हतं. मला आत जायची भीती वाटू लागली.

एक दिवस भूमिकाने घाईत शिऱ्यात साखरेऐवजी मीठ टाकलं. गार्गीने पाच-सहा घास खाल्ले, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. थोडा शिरा भूमिकाने स्वतःच्या तोंडात टाकला अन् मोरीत जाऊन थुंकली. मग कितीतरी वेळ लेकीच्या तोंडाकडे पाहत बसली.

अंगणवाडीच्या प्रेमलताताईंना तिने विचारलं, "ताई, हिले चव काहून समजत नाही?"

"घास पाहून तोंडाले पाणी सुटते, तो मेंदूचा इशारा असते. हिच्या मेंदूनं तो गाण्याले जोडला. घासाकडं पाहतच नाही, त चव कशी समजन? मोबाइल बंद कर."

मोबाइल कपाटात गेला. दोन दिवस गार्गीने दुधाशिवाय काही घेतलं नाही. ओठ घट्ट मिटलेले.

तिसऱ्या दुपारी वरणभात घेऊन मी त्या ओठांशी थांबलो होतो. तेवढ्यात शेजारी कोणीतरी तेच गाणं लावलं. भिंतीतून बारीक आवाज आला. गार्गीचं तोंड उघडलं. डोळे भिंतीवर. मी बाहेरच होतो, तरी ती चावू लागली. आत काहीच नव्हतं, अन् ती गिळत होती.

"गार्गी, इकडं पाह्य ना माय. चमच्याकडं पाह्य."

भूमिका मला लेकीच्या डोळ्यांपुढे हलवत होती. बाई, नको, मी म्हणत होतो, हे तोंड भुकेने उघडलेलं नाही. पण माझं कोण ऐकणार? दोन दिवसांपासून उपाशी असलेल्या लेकराचं तोंड उघडं होतं. तिने मला आत घातलं.

आत पाणीच पाणी. जीभ मला शिवली नाही. मग भिंतीपलीकडचं गाणं बंद झालं, त्यासरशी तोंडही बंद झालं अन् दात माझ्यावर बसले.

मी अजून आतच आहे. बायांनो, लेकराला आधी घास दाखवा, मग भरवा. बाहेर भूमिका मला ओढते आहे, "गार्गी, गार्गी" करते आहे. इथं आत कोणीच हलत नाही, सगळे गाण्याची वाट पाहतात.