हार्लनच्या तळघरातला खर्ज

त्या रविवारी दुपारी हार्लनच्या तळघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बर्फाने भिजलेले बूट वर दाराशी काढून अख्खी गल्ली मोज्यांवर खाली उतरली होती. माणसं चारी भिंतींना चिकटून उभी, आणि खोलीच्या अगदी मधोमध एकच खुर्ची. तिच्यात हार्लन बसलेला, डोळे मिटून, दाढी वाढवून. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकले होते. शेजारच्या बेव्हने मला दंडाला धरून ओढत आणलं होतं.

"आर्डिस, एकदा डोळ्यांनी बघ, मग काय ती टीका कर!"

"ऐका, बंधू हार्लन," लेस्टर क्विल म्हणाला. आवाज असा की मधात घोळवलेला. हा गृहस्थ स्वतःला ध्वनिवैद्य म्हणवतो, आजारी खोल्या बऱ्या करतो. "काय ऐकू येतंय?"

सिनेमाच्या पडद्यामागच्या स्पीकरमधून ऑर्गन वाजू लागला. वाजवणारी मार्लिस, हार्लनची बायको. आमच्या चर्चचा ऑर्गन तिने जन्मभर वाजवला आणि मागच्या पानगळीत गेली. हे रेकॉर्डिंग हार्लननेच केलेलं.

"तिचे हात ऐकू येतात," हार्लन म्हणाला. "पाय नाही येत."

ऑर्गनचा खर्ज पायांखालच्या पट्ट्यांवर वाजतो. ती गेल्यापासून हार्लनला तो ऐकूच येईना. त्याने तारा बदलल्या, कोपऱ्यातला खर्जाचा मोठा स्पीकर उघडून पाहिला, सगळं ठीक. शेवटी त्याने मनाशी धरलं की खर्ज तिच्याबरोबरच गेला. असं धरून बसलेल्या माणसाचा वास क्विलसारख्यांना कोसावरून लागतो.

"भिंती दुःख पितात, मित्रांनो!" क्विलने थैलीतून काळे गुळगुळीत दगड काढले. "पिऊन पिऊन बधिर होतात. हे दगड सुपीरियर सरोवराच्या तळाचे. तिथे युगानुयुगांची शांतता आहे!"

त्या किनाऱ्यावर असल्याच दगडांना मी आयुष्यभर ठेचकाळले आहे. शांतता कसली डोंबलाची! तिथे लाटांपुढे शेजारच्याचं ऐकू येत नाही.

क्विलने चार कोपऱ्यांत दगड मांडले, नाकातून थोडं गुणगुणला आणि हात पुढे केला. "उठा, बंधू. तिची वाट अडवू नका. या, इकडे भिंतीशी या."

हार्लन भिंतीशी गेला. ऑर्गन पुन्हा सुरू झाला आणि त्याचा चेहराच बदलला. "आली," तो म्हणाला. "पाय आले तिचे." आणि एवढा थोराड माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. बेव्ह हुंदके देऊ लागली. खोटं कशाला बोलू, मीही चष्मा काढून पुसला.

पण माझ्या बुडाखालची पायरी खर्जाने थरथरत होती. आणि दगड मांडायच्या आधी ऑर्गन वाजला, तेव्हाही ती अशीच थरथरली होती.

"आता शेवटचा उपचार," क्विल म्हणाला. "भिंतींवरच्या या गोधड्या, आणि अडगळीतली तिची खुर्ची. यांत तिची वेदना साठली आहे, हे सगळं आज माझ्या गाडीतून जाईल. आणि यापुढे या खोलीत तुम्ही एकट्यानेच बसायचं. परकं माणूस आलं की दगड विझतात."

हार्लनने मान हलवली आणि पहिल्या गोधडीला हात घातला.

हे तळघर नुसतं काँक्रीट होतं तेव्हा मी पाहिलंय. टाळी वाजवली की भिंती उलट टाळ्या पिटायच्या. सिनेमा लावला की सगळ्या नटांना एकदम सर्दी झाल्यासारखं वाटायचं. मग हार्लनने लाकडी चौकटी ठोकून त्यांत लोकर भरली आणि मार्लिसने एकेका चौकटीसाठी गोधडी शिवली. दोन हिवाळे चाललं होतं ते. आणि तीच दोघांची मेहनत हा बुवा गाडीत घालून नेणार? शिवाय एकटं बसायचं! हार्लन तसाही कोणाला दार उघडेनासा झाला होता. मीच दोनदा घंटा वाजवून परत गेले होते. आता तर वैद्याचीच आज्ञा मिळाली, मग तो वर कशाला येतोय?

"थांब, हार्लन!" मी उठले. "क्विलमहाराज, एक शंका आहे."

"आल्या मास्तरीणबाई," मागून कोणीतरी पुटपुटलं. मी इथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. निम्मी खोली माझ्या विद्यार्थ्यांची.

"बेव्ह, तू भिंतीशी उभी होतीस. दगड मांडायच्या आधी खर्ज ऐकू आला होता का?"

बेव्ह गोंधळली. "आला होता गं... मला वाटलं माझंच पोट गुरगुरतंय."

खोलीत हशा पिकला. "मलापण पाठीला जाणवलं होतं," दुसरं कोणीतरी म्हणालं. सगळे हार्लनकडे बघत होते, स्वतःच्या कानांकडे लक्ष कोणाचं होतं?

"श्रद्धा नसलेल्यांना..." क्विलने सुरुवात केली.

"श्रद्धा राहू द्या. हार्लन, मधल्या खुर्चीत बस. आणि हे घे." मी चारी कोपऱ्यांतले दगड गोळा करून त्याच्या मांडीवर ओतले. "आता सगळी युगं तुझ्या मांडीवर आहेत. रिमोट दाब, लाव ऑर्गन!"

हार्लन ऐकत राहिला. "पाय नाहीत," तो हळूच म्हणाला.

"बेव्ह, दगड बाहेर बर्फात टाकून ये. हार्लन, तू भिंतीशी जा."

ऑर्गन वाजला. दगड बाहेर, दार बंद. हार्लनने तळवा भिंतीला लावला. "आहेत," तो म्हणाला.

"खोली बरी झाली आहे, म्हणून!" क्विल ओरडला.

"मग खुर्चीतच तेवढी आजारी कशी राहिली?" बेव्हने वरून येता येता विचारलं. शाबास माझी बेव्ह!

आमच्याकडे कोणी कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. मीही काचेच्या भांड्यात भाजलेले बटाटे आणले होते, ते लोकांनी केव्हाच फस्त केले होते. त्याच लांबट भांड्यात मी पाणी घेतलं आणि हलकेच डोलवलं.

"बघा. पाणी दोन्ही काठांशी चढतंय, उतरतंय. मधोमध मात्र पातळी जागची हलत नाही. बंद खोलीत खर्जाच्या सुराने हवा अशीच डोलते. भिंतींशी जोर, मधोमध शून्य. क्विल आधी माणसाला शून्यात बसू देतो, मग दगडांचं नाटक करतो आणि भिंतीशी उभं करतो. एवढीच त्याची विद्या."

क्विलने टोपी उचलली. बर्फात दगड शोधायलाही तो थांबला नाही. हळूहळू माणसं पांगली, काही चिडून, काही माझी नजर चुकवून. चमत्कार हिरावून घेणाऱ्याला कोणी धन्यवाद देत नाही.

हार्लन तेवढा उरला. "म्हणजे ती आली नव्हती," तो म्हणाला.

हो म्हणून टाकायचा मोह झाला मला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. "नाही रे. नव्हती आली."

मग मी विचारलं, "हार्लन, खुर्ची मधोमध कधी आणलीस?"

"ती गेल्यावर. तिची रिकामी खुर्ची शेजारी बघवेना. आत नेऊन ठेवली. मग माझी एकटी कडेला कशी दिसेल, म्हणून मध्ये ओढली."

"दोघं होतात तेव्हा मधल्या रेषेच्या अलीकडे तू बसायचास, पलीकडे ती. शून्यात कोणीच नव्हतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. उठून अडगळीच्या खोलीत गेला आणि मार्लिसची खुर्ची ओढत आणली. दोन्ही खुर्च्या जुन्या जागी लावल्या, स्वतःच्या खुर्चीत बसला, ऑर्गन लावला. खर्ज आला, गोधड्यांमधून, जमिनीतून, पोटापर्यंत.

"इतके दिवस ती वाजवत होती," हार्लन म्हणाला, "आणि मी चुकीच्या जागी बसलो होतो."

रस्त्यापलीकडच्या माझ्या घरातही टेबलाला एकच खुर्ची आहे.

थोड्या वेळाने त्याने शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला. "बस ना, आर्डिस. जिना गार आहे."

मी बसले. विझायला आता दगड होतेच कुठे!

तुम्हाला एवढंच सांगते. दुःखी माणसाला शहाणपण शिकवायला जाऊ नका, पण त्याला एकटं राहायला सांगणारा कोणी आला, तर त्याची थैली आधी उघडून बघा. दगड काढा आणि ऐका, दगड ठेवा आणि ऐका. कान आपलेच आहेत, त्यांना विचारायला कोणा वैद्याची गरज नाही.

अंधार पडायच्या आत मी घरी आले. काचेचं भांडं हार्लनकडेच राहिलं. विसरले नव्हते. पुढच्या रविवारी ते आणायला जायचं आहे.