हळू आवाजातली शाळा

गणवेश ही किती सोयीची गोष्ट होती, हे विजयश्रीला शाळा बंद पडल्यावर कळलं. रावेतच्या त्या शाळेत टॉवरमधली पोरं आणि चाळीतली पोरं एकाच बाकावर बसायची. निळ्या-पांढऱ्या कपड्यांत कोण कुठलं ते ओळखू येत नसे. मग करोना आला, शाळा मोबाइलमध्ये शिरली आणि इंदू मॅडमनी सांगितलं, "हजेरीसाठी कॅमेरा चालू ठेवा." झालं, एकेकाचं घर उघडं पडलं. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे एसी. विजयश्रीच्या लेकीच्या, करिष्माच्या मागे मात्र एकुलत्या एका खोलीतली शेगडी, भांड्यांची मांडणी आणि जमिनीवर झोपलेले पप्पा.

आता पप्पा, म्हणजे गणराज, भर सकाळी का झोपायचा, त्यालाही कारण होतं. घरात मोबाइल एकच, तोही जुना, आवाज कमी करायचं बटण मोडलेला. आणि चाकणच्या कंपनीत गेटवर मोबाइलमधलं करोनाचं सरकारी ॲप दाखवल्याशिवाय आत घेत नव्हते. दिवसा मोबाइल घरी हवा तर दिवसा माणूसही घरीच हवा. म्हणून ज्या थर्ड शिफ्टच्या नावानं सगळे नाकं मुरडत, ती यानं कायमची मागून घेतली. टॉवरमधले बाप घरी बसून काम करत होते, हा बाप घरी येऊन झोपत होता.

करिष्मानं त्यावर तोड काढली. आईची मोरपंखी साडी दोरीवर टाकून मागे पडदा केला. काही दिवस बरं चाललं. पण साडीआड माणूस लपला तरी त्याचं घोरणं थोडंच लपणार? एका सकाळी उत्तर द्यायला तिनं माइक चालू केला आणि गणराज साऱ्या वर्गाला ऐकू गेला.

"मॅडम, कुणाच्या तरी घरात जेसीबी शिरलाय," टॉवरमधला सनी म्हणाला. सगळा वर्ग खो-खो हसला.

करिष्मानं मोबाइल पालथा घातला आणि आईला म्हणाली, "मला नको शाळा. मी तुझ्याबरोबर पॅकिंगच्या कामाला येते." चाळीतल्या मुली अशाच 'तात्पुरतं' म्हणून कामाला लागल्या होत्या, आणि परत कुणी दप्तर उचललं नव्हतं.

या आवाजानं जाग्या झालेल्या गणराजनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो पाळीवरून आला की चहा प्यायचा, मोबाइल ठेवायचा आणि बाहेर पडायचा. "पलीकडच्या गल्लीतल्या गोरक्षकडं झोपतो. त्याचा पंखा चांगलाय," म्हणाला. त्या दिवसांत कुणी कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, हे विजयश्रीच्या ध्यानातच आलं नाही. करिष्मा मात्र मोबाइलला हात लावीना.

दूध आणायला गेलेल्या विजयश्रीला तो दिसला. बंद देवळाच्या पारावर, चपला उशाला, तोंडावर टॉवेल, ऊन पार छातीपर्यंत आलेलं. तिनं त्याला उठवलं नाही. घरी जाऊन करिष्माला हाताला धरून आणलं आणि पारासमोर उभं केलं. पोरीनं त्याच्या तोंडावरचा टॉवेल बाजूला केला. मग वाकून म्हणाली, "पप्पा, उठा. घरी चला."

दुसऱ्या दिवशी तिनं साडी काढून घडी घातली आणि कॅमेरा चालू केला. इंदू मॅडमनी विचारलं, "इतके दिवस कुठं होतीस गं?"

करिष्मानं माइक चालू केला. मागून घोरणं आलं.

"मॅडम, तो जेसीबी नाही. माझे पप्पा आहेत. दिवसा मला मोबाइल मिळावा म्हणून रात्रपाळी करतात. आमची खोली एकच आहे."

भाकरी थापता थापता विजयश्रीचे हात थांबले. मोबाइलमधून कुणी हसलं नाही.

"तुझ्याकडे इअरफोन आहे का?"

"नाही मॅडम."

"म्हणजे आपली बडबड रोज त्यांच्या कानाशी," मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "मुलांनो, आजपासून सगळे हळू बोलायचं."

आणि पोरं खरंच हळू बोलली. सनीला धडा वाचायला लावला, तर तो कानात गुपित सांगावं तसा वाचत होता. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "करिष्मा, काका उठले नाहीत ना?"

विजयश्रीला भरून आलं. त्यांची घरं होती तेवढीच मोठी राहिली, आपली खोली होती तेवढीच राहिली, हे तिला कळत होतं. तरी आपल्या माणसाच्या झोपेसाठी कुणी आवाज खाली घेतल्याचं तिनं आजवर बघितलं नव्हतं. त्या कधी न भेटलेल्या पोरांना तिनं मनातल्या मनात आशीर्वाद दिला, त्या आगाऊ सनीला जरा जास्तच.

दुपारी गणराज उठून जेवायला बसला. "आज शाळा नव्हती व्हय गं?"

"होती की."

"मग मला आवाज कसा न्हाई आला?"

"सगळे हळू बोलत होते, पप्पा. तुमच्यासाठी."

भाकरीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला.

"माझ्यासाठी?" त्यानं विचारलं.