साडेतीन तास मिळवायचे

विमानाची तिकिटं काढून देणं हे माझं बावीस वर्षांचं काम. कुठून कुठे किती किलोमीटर, किती तास, सगळं तोंडपाठ. घरात मला टाइमटेबलच म्हणतात. माझी गिऱ्हाइकं जातात ती बहुतेक परदेशात, माझी ताई राहते त्याच शहरात. अंतर साडेपाच हजार किलोमीटर, विमानाला सात तास, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. त्यामुळे मुलगी आपल्या वेळेप्रमाणे कधी उतरेल, असं आईबापांनी विचारलं की तिकिटावरच्या वेळेत मी डोळे मिटून साडेतीन मिळवतो.

आईचं आता काही खरं नव्हतं. दुखणं हाडांपर्यंत पोचलं होतं. मोठं इंजेक्शन दिलं की वेदना थांबतील, पण मग बहुधा आई जागी व्हायची नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आईने तीन दिवस ते घेतलं नाही. ताईशी दोन शब्द बोलायचे होते, तेवढ्यासाठी दात आवळून पडून राहिली. ताईचं तिकीट अर्थात मीच काढलं. सकाळी आठला तिचा मेसेज आला, विमानात बसले.

दुपारी बाराला आईने मला जवळ बोलावलं. "टाइमटेबल, किती वाजता येईल रे ती?"

मी मोबाईलवर तिकीट उघडलं. उतरायची वेळ तीन. साडेतीन मिळवले.

"साडेसहाला उतरेल. इथे यायला पावणेआठ, आठ."

"चार-पाचपर्यंत कसंबसं रेटलं असतं," आई म्हणाली. "आठ नाही जमायचं." मग नर्सकडे वळून म्हणाली, "द्या."

बरोबर आहे तुझं, असंही मी वर म्हणालो. थोड्या वेळाने तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि मला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

सव्वातीनला ताईचा फोन आला. उतरले, बॅगेसाठी थांबत नाही, टॅक्सी पकडते. इकडे येणाऱ्या विमानाची उतरायची वेळ इथल्याच घड्याळाची असते, त्यात काही मिळवायचं नसतं. मी जन्मभर लोकांना पाठवतच आलो, आणणं कधी जमलंच नाही. निदान आठ अधिक सात तास एवढा हिशोब तरी करायचा. धावत जाऊन नर्सला विचारलं, जागं करता येईल का. तिने नकारार्थी मान हलवली.

साडेचारला ताई आली. आईचा हात हातात घेऊन हाका मारत बसली. मग विचारलं, इंजेक्शन कधी दिलं. मी बारा म्हणालो.

"मी निघालेय हे माहीत होतं ना तिला?"

"हो."

"आणि तरी घेतलं?"

आता सांगायलाच हवं होतं. पण जीभ रेटेना.

"तिला फार दुखत होतं," मी म्हणालो.

ताईने आईचा हात हळूच चादरीवर ठेवला आणि खुर्ची मागे घेतली.