बुजवलेलं दार

"एकही फट ठेवू नकोस, सुचित्रा. वारा सुईच्या नेढ्यातून शिरतो नि बाळंतिणीच्या हाडात जाऊन बसतो."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिचा आवाज असा कानाशी. सुचित्रा उंबरठ्याशी गुडघे टेकून बसली होती. दाराखालच्या फटीत तिने जुन्या लुगड्याची घडी सुरीच्या टोकाने दाबली. दोन कवाडांमध्ये फोमची पट्टी कालच चिकटवली होती, बिजागऱ्यांच्या बाजूला मेण. तिने तळहात फिरवून पाहिला. वरच्या कोपऱ्यात अजून गार लागत होतं.

"आई, हे दार आहे का बँकेची तिजोरी?" खाटेवरून मृणाल म्हणाली. हसली, आणि लगेच तिने कपाळ दाबून धरलं.

मार्गशीर्षात श्रीवर्धनला सकाळचा वारा असा सुटतो की वाडीतल्या पोफळी तासभर सळसळत राहतात. मागच्या खोलीला ओल, म्हणून लेकीची खाट पुढच्या खोलीत, दारासमोरच. बाळ आज अठरा दिवसांचं. सुचित्राचा पहिला मुलगा अठराव्याच दिवशी गेला होता. बत्तीस वर्षांपूर्वी, माहेरच्या बंद खोलीत, अशाच शेगडीच्या शेकात, झोपेत. "कुठून तरी वारा लागला," आई म्हणाली होती. त्या सकाळी उकडतं म्हणून सुचित्राने खिडकी जरा उघडली होती, आणि आईची पावलं वाजताच लावून घेतली होती. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"डोकं फुटतंय गं. मळमळतंय पण."

"वारा बाधला." सुचित्राचा हात थांबला. "म्हटलं होतं ना, न्हाणीतून येताना कान बांध."

स्टुलावर चढून तिने तो कोपराही बुजवला. मग खाटेखालच्या शेगडीत करवंट्यांचे आणखी निखारे घातले, वर ओवा टाकला. खिडकीला आतून कागद लावलेला होताच. गुरुवारचा कलश अजून मांडायचा होता. देव्हाऱ्याकडे वळताना तिचं स्वतःचंच डोकं गरगरलं. उपासाने, असं तिला वाटलं.

दुधाची वेळ झाली, तरी बाळ उठेना. तिने तळपायाला टिचकी मारली, नाकाशी ओलं बोट धरलं. श्वास होता. उचललं तर मान कलंडली. मृणालला हाक मारली, तर ती नुसतं "हं" म्हणाली.

बाळ खांद्याशी धरून सुचित्राने कडी काढली. दार हलेना. पाय भिंतीला लावून तिने एका हाताने ओढलं, तशी पट्टी चरचरत सुटली आणि वारा आत शिरला. त्या घाईतही तिने पदराने बाळाचं डोकं झाकलं.

"रितेश, रिक्षा काढ. मृणालला उचल आधी."

शेजारचा रितेश कुंपणावरून उडी टाकून आत धावला. अंगणात, पदराखाली, बाळ एकदा शिंकलं. मग बारीक रडू लागलं.

दवाखान्यात दुपारपर्यंत दोघांच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. बाळ दोनदा प्यायलं.

"खोलीत शेगडी होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आणि खोली बंद?"

"अगदी बंद. एक फट नव्हती."

"त्यानेच झालं, काकू. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. वारा यायला हवा होता."

सुचित्राने बाळाच्या पायांवरचं दुपटं नीट केलं.

"पूर्वी... पूर्वीही असं व्हायचं?"

"व्हायचंच की. लोक म्हणायचे, वारा लागला."

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. उजव्या हाताची मूठ, खिडकीची कडी ओढावी तशी, कितीतरी वेळ वळलेलीच होती. फोन वाजला तेव्हा तिला तो डाव्या हाताने घ्यावा लागला. पलीकडच्या आळीतली केसर होती.

"अगो, कुठं हायस? आमच्या प्रणालीला दवाखान्यातून आनलीय घरी, लेकरू बी. सोमवारी शबूद दिलास ना, दाराच्या फटी बुजवून देईन म्हणून? तुझ्यावानी कुनाला जमत न्हाय. तू येशील तवर शेगडी पेटवते."

"पेटवू नकोस."

"का गो?"

"मी आल्यावर सांगते. दार उघडं ठेव."

"वारा येतोय की."

"येऊ दे."

तिने आत डोकावून पाहिलं. मृणाल जागी होती.

"कुठे निघालीस?"

"केसरकडे. येईन म्हटलं होतं तिला."

काय सांगायचं, किती मागचं सांगायचं, ते अजून ठरलं नव्हतं. रस्त्यावर समोरून वारा होता. तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि ती चालू लागली.