ताणावरचं हाड

खांब गावाजवळ ट्रकनं उडवलं तेव्हा केरूच्या नडगीचा पार चुरा झाला. पेणच्या डॉक्टर ज्युडिथ यांनी चुरा काढून टोकं जुळवली, पण पाय चार बोटं आखूड झाला. मग त्यांनी गुडघ्याखाली हाड नव्यानं कापलं आणि पायाभोवती लोखंडी कड्यांचा सांगाडा बसवला. त्याचे नट रोज जरासे फिरवून कापलेल्या हाडातली फट वाढवायची, म्हणजे तिथं नवं हाड धरून पाय लांब होतो. ते काम केरूच्या बायकोकडे, चंद्रावतीकडे आलं.

"फटीतल्या कोवळ्या पेशींनी काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं," डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. "हलका ताण बसला की त्या हाड होतात. जोरात ओढलं तर नुसता चिवट पापुद्रा. ताण पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचत असावा, तिथला गुंडाळलेला जनुकांचा धागा सैल होत असावा. नेमकं कसं, ते आम्हालाही कळलेलं नाही."

घाई करायची नाही, एवढं चंद्रावतीला कळलं. केरूला मात्र रोह्याच्या कंपनीतली जागा जायची धास्ती होती.

एका दुपारी ती मिठागरातल्या कामावरून कासू गावी घरी आली, तर नट फिरवायचा पाना केरूच्या उशाशी आणि तो घामानं निथळलेला. पाऊल खाली लोंबत होतं.

"अंगठा वर करा बगू."

"व्हत नाय."

"किती फिरवलात?"

केरूनं भिंतीकडे तोंड केलं. "तू गेलीस की रोज थोडा. लवकर वाढंल म्हटलं गो."

शेजारच्या टेंपोत घालून तिनं त्याला पेणला नेलं. वाटभर, दर खड्ड्याला, ती कडी दोन्ही हातांनी धरून बसली.

डॉक्टरांनी पावलावर टाचणी टोचली. केरूला कळलंही नाही. एक्स-रेमध्ये फट काळीकुट्ट होती. हाडाचा मागमूस नव्हता.

"नस ताणली गेलीय," नट उलटे फिरवत डॉक्टर म्हणाल्या. "आता थांबायचं. पावलातली जाणीव परत येईलच असं नाही."

चंद्रावतीनं पाना कमरेला खोचला. केरू तिच्याशी बोलेनासा झाला. रोज सकाळी ती केरसुणीची काडी त्याच्या पावलावरून फिरवायची, तोंडाकडे बघायची आणि कामाला जायची. आणि एका सकाळी काडी लागताच पाऊल आखडलं.

"लागतंय गो," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

नट पुन्हा फिरू लागले, मुंगीच्या पावलानं. पुढच्या एक्स-रेत फटीत धुरासारखं काहीतरी धरलं होतं. "हाड धरतंय," डॉक्टर म्हणाल्या.

कडी निघाली तेव्हा कंपनीतली जागा गेलेलीच होती, पायही बोटभर आखूडच राहिला. केरू मिठागराच्या बांधावरून लंगडत निघाला. चंद्रावती हातभर मागं चालत होती. त्यानं आधार मागितला नाही.