सुचवणाऱ्याचं नाव

अकरा जणांचं पत्र दर सोमवारी सकाळी दहाला पक्षाच्या प्रतोदांच्या टेबलावर पडायचं आणि सव्वादहाला मान्य व्हायचं. खरी पंचाईत तिथेच होती.

हे अकरा जण सत्ताधारी पक्षाचेच सदस्य. सरकारचं बहुमत जेमतेम सहाचं, त्यामुळे अकरा रुसले की सरकार आडवं. बाहेरच्या देशांतून आलेल्यांना आपला पक्ष डोक्यावर बसवतो, ही त्यांची तक्रार. पहिल्या पत्रात त्यांनी मागितलं, गेल्या तीन वर्षांत आलेल्यांचे परवाने रद्द करा. पक्ष म्हणाला, बरं. आता रागवायचं कशावर? पुढच्या सोमवारी तिनाची पाच वर्षं झाली. पक्ष म्हणाला, बरं. मग सात, मग दहा. देश सोडायची मुदत नव्वद दिवसांवरून साठावर आणि साठावरून तिसावर आली.

"बाई, यांना परवाने-बिरवाने काही नकोत," प्रतोद म्हणायचे. "यांना नकार हवाय. आणि नेमका तोच द्यायची आमच्यात धमक नाही."

हे ते ज्यांना सांगायचे त्या बाई म्हणजे मसुदा विभागाच्या प्रमुख. पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राशेजारची खोली त्यांची. पक्षाचं प्रत्येक 'बरं' कायद्याच्या भाषेत बसवायचं काम एकतीस वर्षं त्याच करत होत्या. सरकारं आली-गेली, बाईंची खुर्ची तेवढी तिथेच राहिली. 'सात'च्या जागी 'दहा' हा आकडाही त्यांनीच टाइप केला होता. त्यांचा जावई आठ वर्षांपूर्वी या देशात आला होता.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, बहुतेक इस्पितळांतल्या. लेक, जावई आणि चार वर्षांची नात बाईंच्याच घरात राहत होती. विधेयक पास झालं की तिसाव्या दिवशी त्याला जावं लागणार, आणि तो गेला की लेक-नातही जाणार, हे बाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कलम त्यांचंच होतं. ऑफिसात त्या याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

पत्रात अकरा जण लिहायचे, 'एकाही व्यवसायाला सवलत नको.' आणि पत्राची शाई वाळायच्या आत त्यातला एकेक जण बाईंच्या खोलीत यायचा, दार लावून घ्यायचा आणि खिशातून चिठ्ठी काढायचा.

पहिला आला तो फळबागवाला. "बाई, तत्त्व म्हणजे तत्त्व. पण फळं तत्त्वावर तोडता येत नाहीत हो. एक ओळ घाला."

बाईंनी परिशिष्ट तीन उघडलं. कायदा ज्यांना लागू नाही अशा व्यवसायांची ती यादी. लिहिलं, 'फळबागेत फळं तोडणारे.'

दुसऱ्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिची देखभाल करणारी बाई परदेशातली, आणि मुलाच्या हातून आई पाणीही घेत नव्हती. तिसऱ्याच्या मतदारसंघातला फुटबॉलचा गोलरक्षक. चौथ्याच्या हॉटेलातले भांडी घासणारे. पाचवा म्हणाला, "दंतवैद्य. सगळे नकोत. माझी दाढ अर्धी काढून झाली आहे." एकाने तर रेसच्या घोड्यांना मालिश करणारे आणले, आणि वर म्हणाला, "हसू नका, घोडा बिथरतो." प्रत्येक जण जाताना एकच सांगायचा, "बाकीच्या दहांना कळू देऊ नका."

सगळ्यांत शेवटी आला त्यांचा पुढारी. भाषण कुठलंही असो, शाळेच्या इमारतीचं असो की सांडपाण्याचं, शेवट सीमेवरच्या कुंपणाने करायची त्याला सवय. म्हणून विधिमंडळाच्या आवारात त्याला कुंपणराव म्हणत. त्याने चिठ्ठी दिली नाही. बाईंच्या कानाशी वाकून पुटपुटला. बाईंनी मान वर केली.

"परत सांगा?"

"कुंपण घालणारे मजूर," कुंपणराव म्हणाला. "सीमेचं कंत्राट मेव्हण्याकडे आहे. खड्डे खणायला इथलं कोणी येतच नाही, तर मी काय करू? कुंपण पुरं झालं की जातील की."

"कुठून?"

कुंपणरावाला प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर तो हसला नाही.

काही जण दोन-तीनदा आले, आणि अशा एकवीस नोंदी झाल्या.

आता मसुदा विभागाचा एक जुना नियम होता. परिशिष्टातल्या प्रत्येक नोंदीसमोर ती सुचवणाऱ्या सदस्याचं नाव लिहायचं. सदस्यांना वाटल्या जाणाऱ्या प्रतीत हा रकाना नसतो. सभागृहात वाचून दाखवायच्या प्रतीत मात्र असतो. ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण विधेयक कधी कोणी वाचतच नाही. अध्यक्ष म्हणतात, 'वाचलं असं समजावं', सगळे माना डोलावतात आणि जेवायला जातात.

पण अकरा जणांना पक्षाला आणखी एक पीळ द्यायचा होता. मागण्या तर सगळ्या मान्य झालेल्या. मग गुरुवारी कुंपणराव कॅमेऱ्यांसमोर उभा राहिला आणि गरजला, "हे विधेयक अक्षर न् अक्षर वाचलं जाईल! जनतेला ऐकू दे! पक्षाने टाळाटाळ केली तर आम्ही आहोत आणि ते आहेत!"

पक्ष म्हणाला, बरं.

शुक्रवारी दुपारी कुंपणराव बाईंच्या खोलीत आला तेव्हा त्याचा रंग उडाला होता. रकान्याची गोष्ट कुणीतरी त्याच्या कानावर घातली होती.

"बाई, तो नावांचा रकाना गाळा."

"नियम आहे, साहेब."

"तुमचा जावई लिफ्टचं काम करतो ना?" कुंपणराव खुर्चीत बसला. "चौकशी केली मी. भला माणूस आहे म्हणतात. बाविसावी नोंद घाला, 'लिफ्ट दुरुस्त करणारे'. आमचे अकराही जण ब्र काढणार नाहीत. तुम्ही रकाना विसरा, आम्ही ओळ विसरतो."

बाईंनी पेन टोपणात घातलं. "सोमवारी वाचन आहे. सोमवारी बघू."

शनिवारी त्यांनी जावयाला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. लेक ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे मी यादीत?" जावई म्हणाला. "कुणाच्या खाली, आई?"

"कुंपण घालणाऱ्यांच्या."

"आणि वर कुठेतरी घोड्यांचे मालिशवाले. काय स्थळ शोधलंत हो मुलीसाठी!"

"चेष्टा सुचते तुला," लेक म्हणाली. "आई, घाल ना गं ती ओळ. एक ओळ तर आहे."

"थांब," जावई तिला म्हणाला. मग बाईंकडे वळला. "ही ओळ काढायची झाली तर किती वेळ लागतो?"

बाईंना ते पाठ होतं. कलम नऊ: सरकारला वाटेल तेव्हा परिशिष्टातली कुठलीही नोंद साध्या सूचनेने गाळता येईल. अकरा जणांच्या चौथ्या पत्रातली मागणी. शब्द बाईंचे.

"एक सकाळ," त्या म्हणाल्या.

"लिफ्टला सहा दोर असतात, आई. एकाच दोरावर चालेल अशी लिफ्ट मी पास करत नाही. आणि इथे तर दोराचं टोक त्या माणसाच्या हातात."

"मग काय करायचं?" लेकीने विचारलं. तिचा आवाज चढला होता. "सामान बांधायचं?"

बाईंकडे याचं अर्धं उत्तर होतं, पण अर्धं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी दोन प्रती काढल्या. एकीत बावीस नोंदी, रकाना नाही. दुसरीत एकवीस नोंदी, रकान्यासकट. दोन्ही समोर ठेवून त्या बसल्या. अकरा वाजता सभागृहात कागद वाचून दाखवणारा वाचनिक प्रत न्यायला आला. हा माणूस शोकप्रस्ताव आणि गटारांचा अहवाल एकाच आवाजात वाचायचा. बाईंचा हात आधी डावीकडच्या, बावीस नोंदींच्या प्रतीवर गेला. नातीच्या शाळेचा डबा सकाळी त्यांनीच भरला होता. हात तिथे जरा राहिला. मग त्यांनी उजवीकडची उचलून दिली.

"सगळं वाचू?" वाचनिकाने विचारलं.

"सभागृहाचा ठरावच आहे," बाई म्हणाल्या. "रकान्यासकट."

कलमं वाचून होईस्तोवर साडेतीन वाजले. निम्मं सभागृह पेंगत होतं. बाई अधिकाऱ्यांच्या कक्षात, खांबाला लागून बसल्या होत्या. कुंपणराव पहिल्या बाकावर मांडीवर हात ठेवून शांत होता. शुक्रवारी बाई 'नाही' म्हणाल्या नव्हत्या, आणि आयुष्यात जे नाही म्हणत नाहीत ते होच म्हणतात, असाच त्याचा अनुभव होता.

"परिशिष्ट तीन," वाचनिक म्हणाला. "नोंद एक. फळबागेत फळं तोडणारे. सुचवणारे..." आणि फळबागवाल्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

पेंगणारे जागे झाले. फळबागवाला खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

नोंद दोन, नोंद तीन. गोलरक्षकाला विरोधकांनी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्याला कोणीतरी ओरडलं, "दाखव की दाढ!" अकरा जण एकमेकांकडे असे बघत होते, जणू प्रत्येकाने दुसऱ्याला चोरी करताना पकडलं आहे, आणि खरंच पकडलं होतं. प्रतोदांनी फायलीत तोंड लपवलं होतं आणि फाईल हलत होती.

"नोंद एकवीस," वाचनिक त्याच आवाजात म्हणाला. "सीमेवर कुंपण घालणारे मजूर. सुचवणारे..."

नाव कोणालाच ऐकू आलं नाही. गरजही नव्हती. अध्यक्षांनी घंटा सात वेळा वाजवली.

मतदानाआधी कुंपणराव उठला. बाईंनी पुढे वाकून पाहिलं. अर्धं उत्तर होतं ते याच क्षणाचं. परिशिष्ट गाळा म्हणावं तर बागा, आई, हॉटेल, मेव्हणा सगळे बुडणार. ठेवा म्हणावं तर उद्याच्या पेपरात तोंड काळं. एकतीस वर्षांत बाईंनी अशा कोपऱ्यात सापडलेली माणसं पाहिली होती. ती एकाच दाराने बाहेर पडतात.

"अध्यक्ष महोदय!" कुंपणराव कडाडला. "एकवीस सवलती! याला कायदा म्हणायचं? पक्षाने जनतेची घोर फसवणूक केली आहे! हे विधेयक मवाळ आहे, मिळमिळीत आहे! आम्ही अकराही जण विरोधात मत देऊ!"

दिलं. विधेयक पडलं. संध्याकाळच्या बातम्यांत कुंपणरावाला 'न झुकणारा नेता' म्हटलं गेलं.

बाईंनी खोलीत येऊन जावयाला फोन लावला. तो कुठल्याशा इस्पितळाच्या लिफ्टच्या बोगद्यात होता, आवाज घुमत होता.

"पडलं," त्या म्हणाल्या.

"पडलं? कशामुळे?"

"मवाळ होतं म्हणून."

पलीकडून चार मजले घुमेल असं हसू. मग तो गंभीर झाला. "पुन्हा आणतील, आई."

"आणतील. तोवर डबा तूच भरत जा, मला उशीर होतो."

फोन ठेवला तोच दारावर टकटक झाली. फळबागवाला आत आला, दार लावून घेतलं आणि मागे वळून खात्री केली.

"बाई, पुढच्या सोमवारी नवं पत्र देतोय आम्ही. पंधरा वर्षं. यावेळी एकही सवलत नाही, अगदी शपथ घेतली अकराही जणांनी." त्याने खिशात हात घातला. "त्यात परिशिष्ट असेल ना?"

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि आधी उजवीकडे रकाना आखला.

"नाव सांगा," त्या म्हणाल्या. "पूर्ण."